पौर्णिमेचं बिल

शाळेत शिकवणारी बायको दीपमाला गेल्यावर बुद्धभूषण शिरसाठांनी एक साधा निर्णय घेतला. ती जे जसं करायची, ते तसंच करायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही. (डोकं लावण्याचा त्यांचा लौकिक घरात फारसा चांगला नव्हता.)

वरण जमलं नाही. भाकरीचं तर नावच नको. पण क्रेडिट कार्डाचं बिल पहिल्या महिन्यातच जमलं, कारण ते कसं भरतात हे त्यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पौर्णिमेला भरतात.

दर पौर्णिमेला दीपमाला पांढरी साडी नेसून विहारात जायची. वंदना करून आली की खीर करायची आणि मग चष्मा लावून, मोबाइल घेऊन झोपाळ्यावर बसायची. "अहो, ओटीपी आला का बघा." पैसे भूषणभाऊंच्या खात्यातून जायचे, म्हणून ओटीपी त्यांच्या मोबाइलवर यायचा. तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि झोपाळ्यावर ती नेमकी डावा कान यांच्याकडे करून बसायची. त्यामुळे भूषणभाऊ खड्या आवाजात एकेक आकडा वाचायचे. ते ऐकून भिंतीपलीकडे शेजारच्या द्रौपदाबाईंना पौर्णिमा आल्याचं कळायचं. त्या म्हणायच्या, "उनी वं बाई पुनव!"

घराच्या कारभारात भूषणभाऊंचा वाटा एवढाच. पण तो त्यांनी कधी चुकवला नाही.

खरं तर थकबाकी या विषयातला त्यांच्याएवढा जाणकार धुळ्यात शोधून सापडला नसता. ते महापालिकेच्या घरपट्टी विभागात होते. उशिरा पैसे भरणाऱ्यांना शास्ती म्हणजे दंड लावण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. देवपुरातला कापडवाला पितांबर दरवर्षी काउंटरवर येऊन हात जोडायचा, "भाऊ, एक डाव माफ करा ना!" भूषणभाऊ मान वर न करता म्हणायचे, "तारीख म्हणजे तारीख."

ही तारीख त्यांनी कार्डाला लावली असती, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण कार्ड पौर्णिमेवर चालतं असा त्यांचा ठाम समज होता, आणि सुरुवातीचे महिने चंद्रानेही त्यांना साथ दिली. बिल महिन्याच्या सुरुवातीला बनायचं, पौर्णिमा तेव्हाच यायची आणि हे भरून मोकळे व्हायचे.

मे महिन्यात घोळ झाला. त्या महिन्यात पौर्णिमा दोन आल्या. पहिल्या तारखेला बुद्धपौर्णिमा, तेव्हा बिल भरलं. एकतीस तारखेला पुन्हा पौर्णिमा. भूषणभाऊंनी पुन्हा मोबाइल उघडला, तर देय रक्कम शून्य. 'या खेपेला बिलच नाही' म्हणून ते एवढे खूश झाले की खिरीची दुसरी वाटी घेतली. (खीर खाली लागली होती. तरी घेतली.) दुसऱ्या दिवशी जूनचं बिल बनलं, वीस तारखेला त्याची मुदत संपली, आणि भूषणभाऊ शांतपणे जूनअखेरच्या पौर्णिमेची वाट बघत राहिले.

त्या पौर्णिमेला विहारातून येऊन त्यांनी बिल उघडलं. खाली दोन नव्या ओळी होत्या. विलंब शुल्क. व्याज.

बिल त्यांनी तिथेच भरून टाकलं. पण ज्याने जन्मभर शास्ती लावली त्यालाच शास्ती लागली होती. आणि त्याहून मोठी भीती प्राचीची होती.

प्राची म्हणजे त्यांची एकुलती लेक. जळगावला दिलेली. होळीच्या सुमारास भूषणभाऊ कुकर गॅसवर ठेवून आंघोळीला गेले आणि आतल्या तुरीच्या डाळीचा कोळसा झाला. तेव्हा तिने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आता आणखी एक जरी भानगड झाली ना, तर घराला कुलूप आणि तुम्ही जळगावला. मी ऐकणार नाही."

जळगावचं घर चांगलं होतं. लिफ्ट होती, जावई प्रशील सज्जन होता. पण त्या घरात दीपमाला कधी दोन दिवसांच्या वर राहिली नव्हती. धुळ्याच्या घरात चहाचा डबा तिने ठेवला तिथेच होता. तिने लावलेला मोगरा होता. रात्री झोपाळ्याची कडी वाजली की भूषणभाऊ अजून "आलो" म्हणायचे. हे सगळं कुलपाआड ठेवून जायचं, तेही कार्डाच्या दोन ओळींपायी?

त्यांनी जुन्या ऑफिसातल्या ललितला गाठलं. ललित तरुण होता, त्याच्याकडे तीन कार्डं होती.

"भाऊ, आठवणीचे मेसेज आले असतील ना?"

"मला नाही आले."

"मग कार्डाला नंबर कोणाचा आहे?"

भूषणभाऊंना आठवलं. कार्ड घेतलं तेव्हा त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. म्हणून नंबर दीपमालाचा दिला होता.

"सोपं आहे," ललित म्हणाला. "कस्टमर केअरला फोन करा. पहिलीच वेळ असेल तर लेट फी माफ करतात. नंबर बदला आणि ऑटो-पे लावून टाका. फक्त जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तेवढा सांभाळा."

जुना नंबर दीपमालाच्या मोबाइलमध्ये होता. मोबाइल प्राचीने नेला होता, आईचे फोटो त्यात आहेत म्हणून. म्हणजे प्राचीला कळू नये यासाठीचा ओटीपी प्राचीच्याच घरात येणार होता.

जळगावला जायला निमित्त हवं होतं. भूषणभाऊंनी माळ्यावरून बिबड्यांचा डबा काढला. मागच्या उन्हाळ्यात दीपमालाने ज्वारी भिजवून, वाटून, गच्चीवर वाळत घातलेले पापडासारखे बिबडे. शेवटचा डबा. त्यांनी तो उघडला, वास घेतला, परत बंद केला. मग पिशवीत ठेवला आणि शनिवारी सकाळची बस धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी पिशवी मांडीवरच होती.

"बाबा! न सांगता?" प्राचीने दार उघडलं.

"बिबडे द्यायला आलो. सहज."

प्राचीने डब्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "सहज," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चहा झाला. भूषणभाऊंनी घसा साफ केला. "तुझ्या आईचा मोबाइल बघू जरा. फोटो बघतो."

मोबाइल कपाटात, आईच्या शालीखाली पालथा ठेवलेला होता. तो घेऊन भूषणभाऊ चालू लागले.

"मामा, फोटो बघायला बाथरूममध्ये?" प्रशीलने विचारलं.

"तिथे उजेड बरा आहे," भूषणभाऊ म्हणाले आणि कडी लावली.

त्यांनी नळ सोडला, बादली वाजत ठेवली आणि आपल्या मोबाइलवरून फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"बोला सर, काय मदत करू?"

"ताई, ते विलंब शुल्क... माफ करता येईल का? या एका वेळी?" बोलता बोलता त्यांना चमत्कारिक वाटलं. आवाज त्यांचा होता, पण सूर सगळा पितांबरचा होता. हातही नकळत जोडायला गेले होते. (एका हातात मोबाइल होता म्हणून राहिले.)

"तुमची पहिलीच वेळ आहे सर. लेट फी मी रिव्हर्स करते. व्याज मात्र राहील."

झालं. मान वर करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिने सोडून दिलं. माफ करण्याचा अधिकार भूषणभाऊंना कधीच नव्हता, हे खरं. पण पितांबरकडे मान वर करून बघायला कुठला अधिकार लागत होता?

"जुना नंबर काढून तुमचा नवा टाकू का सर?"

नळ वाहत होता. बादली भरून सांडू लागली.

"सर? आवाज येतोय का?"

"येतोय. टाका."

"जुन्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. सर, तो मला सांगू नका, फोनच्या बटणांवर..."

दीपमालाच्या मोबाइलचा पडदा उजळला. आकडे दिसले. आणि इतक्या वर्षांत जे कधी चुकलं नव्हतं ते आताही चुकलं नाही. भूषणभाऊंनी नळाच्या वरताण, खड्या आवाजात, एकेक आकडा सुटा करून अख्खा ओटीपी वाचला.

बाहेर पावलं दाराशी आली.

"सर, सांगू नका म्हटलं होतं," मुलगी कळवळून म्हणाली. "असो. दुसरा पाठवते."

दुसरा ओटीपी त्यांनी मुकाट्याने बटणांवर दाबला. नंबर बदलला.

"आता ऑटो-पे लावू का सर? तारखेला पैसे आपोआप जातील. तुम्हाला काहीच लक्षात ठेवावं लागणार नाही. पूर्ण रक्कम की किमान?"

"किमान म्हणजे..."

"पूर्ण!" दाराबाहेरून प्राची ओरडली. "बाबा, पूर्ण सांगा! किमानवर व्याज चढत राहतं!"

भूषणभाऊ बाहेर आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोन पौर्णिमा, शून्य रक्कम, दोन ओळी.

"दारातच कळलं होतं मला," प्राची म्हणाली. "ते बिबडे तुम्ही मलासुद्धा देत नव्हतात. म्हटलं, काहीतरी मोठं आहे."

"पिशवी भरू का मग? जळगावला यायची?"

प्राचीने त्यांच्या हातून आईचा मोबाइल घेतला. "मेसेज आले होते, बाबा. आईच्या फोनवर. तीन-चार आले. फोन वाजला की मला वाटायचं... मग मी मेसेज वाचायचेच नाही. फोन शालीखाली पालथा घालायचे." तिने नाक पुसलं. "अर्धी चूक माझी आहे. तुम्ही धुळ्यातच राहा. पण पौर्णिमेला बिल भरायचं हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"तुझी आई भरायची ना!"

"आई? ती बिल आलं की शाळेच्या मधल्या सुट्टीत भरून टाकायची. स्वतःच्या पगारातून."

"मग पौर्णिमेला झोपाळ्यावर काय करायची?"

"दान द्यायची. मुलींच्या वसतिगृहाला. दर पौर्णिमेला पाचशे. तुमच्या खात्यातून."

भूषणभाऊ खुर्चीत बसले. "माझ्या खात्यातून? मला एका शब्दाने विचारलं नाही?"

"विचारायची की, दर वेळी," प्राची म्हणाली. "आणि तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हो म्हणायचात."

प्रशील हसायला लागला. मग प्राची. मग भूषणभाऊही हसले, आणि चष्मा पुसायला म्हणून गॅलरीत गेले.

आषाढ पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळी वर्षावास सुरू झाला. भूषणभाऊ विहारातून आले, खीर केली (या खेपेला जरा बरी), आणि चष्मा लावून झोपाळ्यावर बसले. उजव्या बाजूला, तिचा चांगला कान आपल्याकडे येईल असे. वसतिगृहाचा खाते क्रमांक प्राचीने पाठवला होता. ओटीपी आला. त्यांनी तो खड्या आवाजात वाचला आणि थांबले. वाचणं त्यांचं काम होतं. झोपाळ्यावर बसून आकडे टाकणं कधीच त्यांच्याकडे नव्हतं.

झोपाळा थोडा हलला, थांबला. ओटीपीची वेळ संपून गेली.

भिंतीपलीकडून द्रौपदाबाईंचा आवाज आला, "भाऊ, दुसरा मांगा. हाऊ बठ्ठी गल्लीले पाठ व्हई गया. आते मनमा वाचा!"

भूषणभाऊंनी दुसरा मागवला आणि मनात वाचला. मनात वाचलेला काही त्यांच्या लक्षात राहिना.

तिसरा मोठ्यानेच वाचावा लागला.