वऱ्हाड सीमेवर, राजे उंबऱ्यावर

श्रीगणराय प्रसन्न असोत, आणि भित्र्यांस पाय देवोत. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध पक्षी राज्यात घडले ते ऐसे. आमचे चिरंजीव राजे निंबाजीराव यांचे वर्तन सांगावयास लाज वाटते. तरवारीस भीत नाहीत, मांजरास भितात. गनिमाने तोफा न आणता चार मांजरे आडवी सोडली तर किल्ला तासात जाईल आणि राजे पाय धुऊन आत बसतील.

तर आमची नात अंबू, राजांची लेक, इचे लग्न नेमस्त जाहले आणि दोन प्रहरी वऱ्हाड गावसीमेवर उतरले. रीत ऐशी की, वधूपित्याने सामोरे जाऊन वराचे पाय धुवावे, तोवर वऱ्हाडाने आत पाऊल घालू नये. मग राजे निघाले, आणि सवे मेहुणे आणि उपाध्ये निघाले, तो उपाध्ये ओरडले, "महाराज, तिघे जाहलो! तीन तिगाडा, काम बिगाडा!" मग चौथा असामी म्हणून एक धोंडा मेहुण्यांचे काखेत दिला आणि निघाले, तो मांजर आडवे गेले, आणि फिरले आणि पाय धुतले आणि गूळ खाऊन पुन्हा निघाले, तो उपाध्येच शिंकले. मग राजे उंबऱ्यावर बसले ते बसलेच.

इतक्यात सीमेवरून जासूद आला आणि बोलिला, "आईसाहेब, वराचे चुलते संतापले. म्हणतात, दिवस मावळला की बैल माघारी जुंपतो." अंबू हळदीच्या अंगाने दारात उभी. हळद लागून वर फिरला तर त्या मुलीस पुन्हा कोण पुसतो?

"आजीसाहेब, बाबा निघाले का?"

"निघाले गं. तीनदा."

मग आम्ही ताम्हन उचलिले. तो राजे गरजले, "आईसाहेब, तुम्ही? शुभकार्यात विधवेने सामोरे जाऊ नये!" आम्ही बोलिलो, "तुमचे वडील जन्मभर पंचांग पाहून पाऊल टाकीत. अमृतयोगावर परसाकडे गेले आणि घसरून वारले. पाय घसरला त्यांचा आणि पांढरा ठरला आमचा! सरका."

आणि भर बाजारातून सीमेस गेलो. वऱ्हाडाने तोंडे फिरविली आणि चुलते बोलिले, "राज्यात सवाष्ण उरली नाही काय?" तो शेवटच्या गाडीचा पडदा सरला आणि आतून आवाज आला, "भावजी, गप बसा." उतरली ती वराची आई. कपाळ आमच्यासारखेच उघडे. पोटच्या पोराच्या लग्नास तिजला अपशकुन म्हणून झाकून आणिली होती. आम्ही पुसले, "विहीणबाई, पाणी तरी दिले का?" ती बोलिली, "कळशी भरलेली आहे, पण ती शकुनाची. तिजला हात लावायचा नाही." मग आम्ही हात लाविला आणि तिजला पोटभर पाजिले, आणि उरल्या पाण्याने वराचे पाय धुतले, आणि त्याच्या कपाळी कुंकू तिनेच लाविले, आणि पोर आईकडे पाहून हसले. चुलत्यांनी निमूट बैल हाकले, ते आमच्या दारी.

राजे अजून उंबऱ्यावरच. सारांश, वऱ्हाड आले, अंबूचे लग्न वाचले, आभाळ कोसळले नाही. उपरांत आम्ही चिरंजीवांस चारचौघांत बोलिलो ते येथे लिहून ठेविले :

"निंबाजीराव, उद्या मंगलाष्टकांस विहीणबाई आणि आम्ही पुढे उभ्या राहू, तुम्ही मागे बसा. काही वाईट घडलेच तर भिऊ नका, बोल आम्हां दोघींसच लागेल. आम्हांस सवय आहे."