न बोलणारं कापड

धकातेकाका कापड डोळ्यांनी बघत नाहीत, कानाने बघतात. दुकानात येतात, काउंटरवरच्या ठाणाचं एक टोक उचलतात, कानाजवळ नेऊन चुरगाळतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मग टोक खाली ठेवून निकाल देतात, "लय बोलते हे."

माझं दुकान इतवारीत आहे. रेक्झिन, रेनकोटचं कापड, बॅगांचं कापड, ताडपत्री, सोफ्याचं, रिक्षाच्या सीटचं, म्हणजे ज्यातून पाणी आरपार जात नाही असं सगळं काही. सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्याला त्यात गम्य नव्हतं, मला होतं, म्हणून वीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. कापड नखाने खरवडणारी, वास घेणारी, काडी पेटवून बघणारी गिऱ्हाइकंसुद्धा मी पाहिली आहेत. काडीवाल्याला काडीसकट बाहेर काढलं होतं. पण कापडाचं बोलणं ऐकणारा माणूस पहिल्यांदा आला तो ऐन मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आणि नागपूरच्या मे महिन्यात भल्याभल्यांचं डोकं फिरतं, तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही.

"काय देऊ काका?"

"अडीच मीटर कापड. पाणी खाली उतरलं नाही पाहिजे, गरम झालं नाही पाहिजे, अन् बोललं नाही पाहिजे."

"कशासाठी?"

"सोफ्यासाठी," ते म्हणाले आणि लगेच पुढच्या ठाणाकडे वळले.

वासुदेव धकाते. कोराडीच्या वीजकेंद्रात स्टोअरमध्ये होते. आलेला माल तपासायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे आयुष्यभराचं काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. भाजीवाल्याची वांगी ते रिजेक्ट करतात. शेजारच्या लग्नात पंगतीत बसून त्यांनी जिलबी रिजेक्ट केली होती, असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं. "नरम होती ताई. माल पास कसा कराचा?"

खांद्याला एक पिशवी असते. तिच्यात पाण्याची बाटली, स्टीलची वाटी, रबरबँड आणि जुना पेपर. वाटीवर कापडाचा तुकडा ताणून रबर लावायचं, वर पाणी ओतायचं, आणि अर्ध्या तासाने आत पेपरचा कपटा फिरवून बघायचा. हे सगळं माझ्या काउंटरवर, माझ्या धंद्याच्या वेळेत. तो अर्धा तास काका रिकामे बसतील तर शपथ. एकदा एक बाई शिवलेला रेनकोट घेऊन भांडायला आल्या, की तुमच्या कापडाचा पापुद्रा निघतोय. मी तोंड उघडायच्या आत काका उठले. "ताई, तुमच्या टेलरनं चमकीची बाजू बाहेर घेतली ना. चमक आत ठेवा लागते. बाहेर ठेवली की घासून निघून जाते." बाई निमूटपणे गेल्या. कॉलेजच्या एका मुलाला बॅग शिवून घ्यायची होती, त्याला तर पाऊण तास धरून ठेवला. "अन् टाचणी लावाची नाही, क्लिप लावाची. साध्या कापडातलं छिद्र धुतलं की बुजते. याच्यातलं जन्मभर तसंच राहते."

खरं सांगू, माणूस चुकीचं काही बोलत नव्हता. म्हणूनच जास्त राग यायचा.

दर आठवड्याला ते हातभर तुकडा घेऊन जायचे आणि चार दिवसांनी परत आणायचे, कोपऱ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधून. टाचणी नाही, दोरा. स्टोअरचं वळणदार अक्षर. 'पाणी : पास. घाम : नापास. आवाज : नापास.' दुसऱ्यावर, 'पाणी : पास. घाम : पास. आवाज : नापास.' एकावर चौथी ओळ होती, 'वास : विचारू नये.' खाली नाव, मनीषनगरचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर, जणू सरकारी कागदच. जुलै संपला तोवर अशा अकरा चिठ्ठ्या माझ्या ड्रॉवरमध्ये जमा झाल्या.

बाराव्या खेपेला माझा पारा चढला. "काका, तुम्हाला सोफ्यावर बसायचं आहे की सोफ्याचं प्रवचन ऐकायचं आहे? रेक्झिन आहे ते, थोडं कुरकुरणारच."

"थट्टा करा ताई," ते म्हणाले, "पण कापड शोधा. एका माणसाची झोप अटकली आहे त्याच्यात."

मला वाटलं, हा माणूस म्हणजे स्वतः काका. दुपारी जेवून सोफ्यावर आडवे होत असतील आणि कुशीवर वळले की झोपमोड होत असेल. मी म्हटलं, मग लहान मुलांचं मेणकापड न्या, त्याचा आवाज कमी. काकांचा चेहरा एकदम उतरला.

"ते नको," ते म्हणाले. "त्याच्यावर बदकं असतात."

मी ठाण गुंडाळून ठेवलं.

पण कहर झाला तो पुढच्या सोमवारी. नवा माल आला होता. काकांनी माझ्या कटिंगच्या टेबलावर अडीच मीटर अंथरलं, चपला काढल्या आणि चक्क वर चढून आडवे झाले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. "ताई, पंखा बंद करा जरा." मी का कोण जाणे, बंद केला. "सगळे चूप राहा गा दोन मिनिटं." आणि गंमत बघा, सगळे चूप राहिले. एक रिक्षावाला, दोन बुरखेवाल्या बाया, हिशोब मागायला आलेला टेम्पोवाला, सगळे श्वास रोखून एका म्हाताऱ्याला कुशीवर वळताना ऐकत होते. काका डावीकडे वळले. कर्र. उजवीकडे वळले. कर्र.

"बोलून राहिलं ना गा?" त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं.

"बोलून राहिलं," रिक्षावाला गंभीरपणे म्हणाला.

काका टेबलावरून उतरले, चपला घातल्या, चिठ्ठीसुद्धा न लिहिता निघून गेले. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्यांचं नाव कानवाले काका पडलं. मीही घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवली आणि दोघं पोट धरून हसलो.

हसले खरी, पण मला चैन पडेना. वीस वर्षांत गिऱ्हाईक माझ्या दुकानातून कापड नाही म्हणून परत गेलेलं नाही, आणि हा माणूस बारा वेळा गेला होता. मी सुरतच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "भैया, ऐसा कपडा भेजो जो आवाज न करे." पलीकडून तो म्हणाला, "मॅडम, कपडा आवाज करता है?" मी म्हटलं, करता है, कभी सो के देखो. तीनदा चुकीचा माल आला, तीनदा मी परत पाठवला. तो फोन उचलेना, तर मी त्याच्या भावाला फोन केला. चौथ्यांदा जे आलं ते हातात घेतलं आणि कळलं. वरून बनियनसारखं सुती, मऊ. खाली दुधावरच्या सायीइतका पातळ पापुद्रा. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला आणि, कुणाला सांगू नका, कापड कानाला लावलं. बोललं नाही.

नेमके आता काका येईनात. आठ दिवस झाले, दहा झाले. फोन उचलत नव्हते. शेवटी चिठ्ठीवरचा पत्ता बघून मी स्कूटी काढली आणि मनीषनगर गाठलं.

दार काकूंनी उघडलं. मी म्हटलं, मी इतवारीहून आले, काकांच्या सोफ्याचं कापड आणलंय.

"कोणता सोफा?" काकू म्हणाल्या.

मी आत बघितलं. हॉलमध्ये चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक दिवाण होता. घरात सोफाच नव्हता.

"हे दवाई आणाले गेले," काकू म्हणाल्या. "तुम्ही या ना आत." हॉलला लागूनच एक खोली, मधे दार नाही, नुसता पडदा. आत लोखंडी पलंगावर एक वृद्ध बाई सरळ, उताण्या झोपल्या होत्या. इतक्या सरळ की मी दचकलेच. "माझी नणंद. अक्का. लकवा मारला तिले यंदा," काकूंनी सांगितलं आणि चहा ठेवायला गेल्या.

"कापड आणलं का वं तू?" अक्का म्हणाल्या. "दे इकडं."

एक हात चालत होता. त्या हाताने त्यांनी कापड चिमटीत धरलं, दोन बोटांत फिरवलं, उलटं करून पापुद्र्यावर अंगठा घासला. असा हात मी ओळखते.

"उमरेडले मागावर बसलो आम्ही जन्मभर," त्या म्हणाल्या. "मी विणलेलं लुगडं कधी बोललं नाही." मग हळूच, पडद्याकडे बघत, "तो सोफा सोफा करते ना, तो सोफा म्हंजे मी होय वं."

मी पलंगाजवळ सरकले.

"डाक्टर म्हणते दर दोन घंट्यानं कूस बदला. बदलली का खालचं रेक्झिन कुरकुर करते. बाहेर शेजारपाजारच्या बाया बसल्या राहतात, त्याह्यले समजून जाते म्हातारीच्या खाली काय टाकलं आहे ते. मंग मी वळतच नाही." म्हणून पाठीला जखम झाली होती, आणि म्हणून दहा दिवस काका दवाखान्याच्या फेऱ्या मारत होते. "त्याले सांगू नको मी बोलली म्हणून. त्याले वाटते मले माहीत नाही." त्या थोडं हसल्या. "माय गेली तेव्हा हा तीन वर्षांचा होता. सात वर्षांचा होईपर्यंत गादी ओली कराचा. कोणी उठाच्या आत मी धुवून टाको. आजवर कोणाले समजू देल्लं नाही, याच्या बायकोलेही नाही."

मला टेबलावर आडवे झालेले काका आठवले, आणि घरी केलेली नक्कल आठवली. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात काका आले. मला बघून दारातच थबकले आणि पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सोफ्याचं कापड आणलं का ताई?"

"हो काका," मी म्हटलं. "सोफ्याचंच आहे."

अक्का छताकडे बघत होत्या.

काकांनी कापड कानाला लावलं. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मग काकू आणि मी आत गेलो, जुनं रेक्झिन काढलं, हे घातलं, वर चादर टाकली आणि बाहेर आलो. काकांनी हॉलमधला पंखा बंद केला. आम्ही तिघं पडद्याच्या अलीकडे उभे राहिलो. दोन मिनिटं काहीच नाही. मग आतून पलंग कुरकुरला. नुसता पलंग. कापड नाही.

काकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बाहीने पुसले आणि माझ्याकडे वळून एकदम स्टोअरच्या आवाजात म्हणाले, "पलंगाचं पाहा लागते आता. रिजेक्ट आहे तो."

आठ दिवसांनी ते दुकानात आले. गर्दी होती, थांबले नाहीत. काउंटरवर हातभर उरलेला तुकडा ठेवून गेले. कोपऱ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती, तेच वळणदार अक्षर.

'पाणी : पास. घाम : पास. आवाज : अक्का वळली.'