पोर्टफोलिओचा तोल आणि सासऱ्यांचा गोफ

आमच्या महाल भागात गुंतवणुकीतलं खरंखुरं कळणारा माणूस एकच आहे, आणि तो सध्या तुमच्याशी बोलतो आहे! थोडे शेअरचे फंड, थोडी एफडी, थोडं सोनं. एक पडलं तर दुसरं सावरतं. वर्षातून एकदा तोल तपासायचा. जे फुगलं ते थोडं विकायचं, जे पडलं ते थोडं घ्यायचं. बस्स!

यंदा सोनं इतकं फुगलं की बाकीचा पोर्टफोलिओ त्याच्यापुढे कुपोषित दिसू लागला. म्हणजे नियमाप्रमाणे सोनं थोडं विकून फंड घ्यायचे. सासऱ्यांनी लग्नात दिलेला आणि नंतर कधीच न घातलेला गळ्यातला सोन्याचा गोफ मी कपाटातून काढला.

"बाबानं देल्लेला गोफ मोडता?" आमची सौ. शामला कडाडली.

"अवं, मोडत नाही. रिस्क कमी करून राहिलो!"

"करा. पण कोणी पाहिलं तं माह्या नावानं रडू नका."

पाहिलंच! इतवारीतल्या सराफाकडून गोफ विकून बाहेर पडतो तो समोर स्कूटरवर मारोतराव, शामलाचा भाऊ. त्याने दुकानाची पाटी पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊजी, हिंमत सोडू नका."

"काहून सोडू गा? रिबॅलन्सिंग करून राहिलो!"

"हो हो," तो डोळे पुसत म्हणाला. "लोकाईले असंच सांगा."

आपल्याकडे सोनं घरात येतं तेव्हा फार कोणाला कळत नाही, बाहेर पडलं की मात्र गावभर होतं. संध्याकाळपर्यंत मी शेअरबाजारात पार बुडालो होतो! शेजारच्या प्रयागबाई पोळी-भाजीचा डबा घेऊन आल्या. "पोरीले उपाशी नका ठेवू." किराणावाले नत्थूजी स्वतः दारात उभे. "घाई काही नाही गा. पण महिन्याचं आजच देऊन टाका." मी प्रत्येकाला पोर्टफोलिओ समजावून सांगत होतो. जितकं समजावलं, तितकी लोकांची खात्री पटली की धक्का डोक्यात गेला आहे.

मग रामदासपेठेतून आमच्या होणाऱ्या व्याह्यांचा, चंद्रभानजींचा, फोन आला. त्यांच्या मुलाचं आणि आमच्या मयुराचं लग्न ठरलं होतं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिनाअखेरीस होतं.

"इवाई, साक्षगंधाचं जरा थांबून पाहू."

मयुरा खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हा मात्र कळलं, माझ्या तोलापायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडत होतं!

"फंड इका!" शामला म्हणाली.

"पडलेल्या भावात? अवं, आपला वीस वर्षांचा विचार आहे!"

"मंग वीस वर्षांनी करता काय पोरीचं साक्षगंध?"

विकले! पैसे खात्यात येताच आम्ही भर दुपारी, नत्थूजींच्या दुकानासमोर हॉर्न वाजवत, त्याच सराफाकडे गेलो. जुन्याच्या दुप्पट जाड गोफ घेतला, तोही चढ्या भावात. शर्टाची दोन बटणं उघडी टाकून तसाच चंद्रभानजींकडे निघालो.

त्यांची नजर गोफावर पडली आणि चेहरा एकदम खुलला.

"मी तं म्हणतच होतो, लोकं जळतात! इवाईनं शेअरमंदी नोटा छापल्या! साक्षगंध ठरल्या दिवशीच!"

शामलाने तिथूनच मयुराला फोन लावला. पोरगी रडत हसली.

"फक्त एक," चंद्रभानजी पुढे सरकले. "एवढ्या मोठ्या माणसाच्या पोरीचं लग्न साध्या हॉलमंदी शोभत नाही. वर्धा रोडचं मोठं लॉन पाहा. जेवणाची हजार पानं तं उठतीलच!"

शामलाने खालून जोरात चिमटा काढला. तरी मी हो म्हणालो. गळ्यात एवढं सोनं घालून नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा!