सायाळबाईंच्या गुंजमाळा

एका जंगलात, मुलांनो, आणि कोणत्या ते विचारू नका, कारण तिथली मंडळी आता फार नावाजलेली आहेत आणि नाव घेतलं की वकील पाठवतात, तर अशा एका जंगलात एक सायाळ राहत असे.

सायाळ कशी असते ते ठाऊक नसेल तर सांगते. तोंड उंदरासारखं, चाल म्हातारीसारखी, आणि पाठीवर वीतभर लांबीचे काळेपांढरे काटे. स्वभावाने ती अगदी गरीब असते. पण अंगावर काटे असले की स्वभावाची चौकशी कुणी करत नाही. सगळे तिला सायाळबाई म्हणत, आणि लांबूनच म्हणत.

सायाळबाईंना माळा ओवायचा छंद होता.

त्या गुंजा गोळा करत. गुंज म्हणजे लालभडक बी, तिला एका टोकाला काळा डोळा. स्वतःचा गळून पडलेला काटा घ्यायचा, त्याने गुंजेला बरोब्बर मध्यावर भोक पाडायचं आणि अंबाडीच्या दोऱ्यात ती ओवायची. मानेमागे बारीक गुंजा, पुढे येता येता मोठ्या. आणि सगळ्या गुंजांचे काळे डोळे एका दिशेला. एकही तिरपा नाही. गुंज खाल्ली तर जीव जातो, त्यामुळे भूक लागली म्हणून कुणी मोडून खाल्ला नाही असा जंगलातला हा एकमेव दागिना होता.

माळ हवी असेल त्याने सायाळबाईंकडे यायचं आणि पाठ करून बसायचं. सायाळबाई आपले काटे मागे चापून बसवत, पुढच्या दोन पंजांनी मानेचं माप घेत, माळ ओवत आणि शेवटी मानेमागे स्वतः गाठ बांधत. बगळ्याची मान किती लांब आणि सशाची किती नाजूक, ते त्यांना न बघता कळे. घोरपडकाकूंची मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, हे तर साऱ्या जंगलात फक्त त्यांनाच माहीत होतं.

पाठमोरं बसलं की बोलणं सुचतं. बगळा सांगे, की पाण्यात उभं राहून त्याचे गुडघे दुखतात, पण सगळ्यांना वाटतं तो ध्यान करतोय. घोरपडकाकू सांगत, की त्यांच्या मुलाने पलीकडच्या डोंगरावर बिऱ्हाड केलं आणि तो वर्षात एकदाही आला नाही. सायाळबाई "हं, हं" करत आणि गाठ उगाच दोनदा सोडून बांधत.

कारण एवढाच वेळ त्यांच्याजवळ कुणी बसत असे. एरवी सायाळीला कोण बिलगणार? माळा हे निमित्त होतं. हे सायाळबाईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. त्या सुखात होत्या.

आणि सुखात असलेल्या प्राण्याकडे सल्लागार येतोच.

या जंगलातला सल्लागार भारद्वाज होता. तांबूस पंख, लाल डोळे, भारदस्त आवाज. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल. या भांडवलावर त्याने सल्लागारी सुरू केली होती. त्याला दुसरं काही येत नव्हतं, पण तो दिसल्यावर कामं होतात असा सगळ्यांचा अनुभव होता, आणि झाली नाहीत तर तो नीट दिसला नसावा असं सगळे समजून घेत.

"मॅडम," भारद्वाज फांदीवर बसून म्हणाला, "तुमच्यात केवढं पोटेन्शियल आहे याची तुम्हाला कल्पना नाही."

सायाळबाईंना आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला आपला वेळ जातो हो त्यात."

"तेच चुकतंय. आठवड्याला तुमच्याकडे किती जण येतात?"

"एक. कधी दोन."

"दुकान काढलंत तर रोज शंभर येतील."

सायाळबाई विचारात पडल्या. रोज शंभर जण. शंभर माना, शंभर गाठी, आणि प्रत्येक जण घटकाभर जवळ बसून काहीतरी सांगणार. त्यांचा ऊर भरून आला.

"काढू या," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने वडाच्या बुंध्याशी 'सायाळ्स हॅन्डमेड' नावाचं दुकान उघडलं. फीत कापायला भारद्वाजच होता.

पहिल्याच दिवशी शेजारच्या जंगलातून गिऱ्हाइकं आली. त्यांनी माळा हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि नाकं मुरडली.

"या हातच्या कशावरून?" एक नीलगाय म्हणाली. "सगळे डोळे एका बाजूला आहेत. भोकं अगदी मधोमध. हे यंत्राचं काम आहे."

"अहो, मी स्वतः केल्यात," सायाळबाई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात," नीलगाय म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत एकही माळ विकली गेली नाही. भारद्वाजाने डोळे मिटून विचार केला. "मॅडम, हातचं काम घेणाऱ्याला त्यात हात दिसला पाहिजे. हात कुठे दिसतो? चुकीत दिसतो. तुम्ही थोड्या चुका करा."

सायाळबाईंनी मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटून ओवलं, डाव्या पंजाने ओवलं, एकदा तर उताणं पडून ओवलं. दोरा संपला की बघावं, तर सगळे काळे डोळे निमूट एका दिशेला. इतक्या वर्षांची सवय, ती एका आठवड्यात कशी मोडणार? शेवटी भारद्वाजाने हे काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि वानरं ठेवली.

वानरांना चुका शिकवाव्या लागल्या नाहीत. एक गुंज उलटी, एक सुलटी, मध्येच चिंचोका, एखादी गुंज अर्धी फुटकी. नीलगाय परत आली आणि माळ बघून गहिवरली. "याला म्हणतात हात," ती म्हणाली आणि तीन माळा घेऊन गेली. दुकान धो धो चालायला लागलं. पुढे सहा महिन्यांत काही वानरांचा हात बसला आणि ती नीट ओवायला लागली. त्यांना कामावरून काढून टाकावं लागलं.

"बरं, ओवायचं काम वानरांनी करावं," सायाळबाई म्हणाल्या. "मी मापं घेते आणि गाठी बांधते."

"मापाची गरज नाही, मॅडम. लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांत सगळं जंगल बसतं. गाठ आधीच मारलेली असते. गिऱ्हाईक डोक्यातून घालतं."

"बगळ्याची माळ घसरेल."

"बगळ्याने मान फुगवावी."

"मग मी काय करू?"

"तुम्ही दिसायचं," भारद्वाज म्हणाला. त्याच्या दृष्टीने याहून मोठं काम जगात नव्हतं.

म्हणून सायाळबाईंना दुकानात एका दगडावर बसवण्यात आलं. त्यांच्यापुढे बांबूचं कुंपण घातलं, कारण गर्दीत एखाद्या गिऱ्हाइकाला काटा लागला तर दुकानाचं नाव जाईल, असं भारद्वाजाचं म्हणणं पडलं. कुंपणावर पाटी लावली: 'संस्थापिकेपासून चार हात लांब उभे राहावे.' ती सायाळबाईंना दाखवून, त्यांच्या पंजाचा ठसा घेऊनच लावली. सायाळबाईंना वाटलं, सुरुवातीचे दिवस आहेत, गर्दी ओसरली की काढू.

शंभर जण रोज येत होते, हे मात्र खरं. भारद्वाज खोटं बोलला नव्हता. ते येत, माळ डोक्यातून घालत, कुंपणापलीकडून सायाळबाईंकडे बघून मान हलवत आणि जात.

तर अशी दोन वर्षं गेली आणि घोरपडकाकूंची एकसष्टी आली.

सायाळबाईंनी दुकानातून एक दिवस सुट्टी घेतली. कुठून कुठून गुंजा वेचून आणल्या, जुना काटा शोधून काढला आणि तीन पदरी माळ ओवली. पंजे थोडे आखडले होते, पण माळ देखणी झाली. तिन्ही पदरांतले डोळे एका दिशेला. काकूंची मान त्यांना पाठ होती, माप घ्यायची गरज नव्हती. गाठ तेवढी बांधली नाही. ती तिथे जाऊन बांधायची होती. दोन वर्षांत काकूंच्या मनात कितीतरी साठलं असेल, या विचाराने त्या वाटभर भराभर चालत होत्या.

काकू कातळावर ऊन खात होत्या. गळ्यात दुकानातली माळ होती, मोठ्या मापाची, लोंबून दगडाला घासत होती.

"अगंबाई, तुम्ही?" काकू गडबडून उठल्या. "निरोप धाडला असता तर मी आले असते की दुकानात."

"एकसष्टीची माळ आणलीय," सायाळबाई म्हणाल्या आणि माळ पुढे ठेवली.

काकूंनी ती जिभेने चाचपली, मग एक डोळा बारीक करून बघितली, मग दुसरा. त्यांचा चेहरा पडला.

"बाई, रागावू नका," त्या हळूच म्हणाल्या, "पण तुम्हाला कुणीतरी फसवलंय. ही तुमच्या दुकानची न्हाई. सगळं कसं सारखंच्या सारखं हाय. नकली माल निघालाय म्हणतात हल्ली बाजारात."

"काकू, ही मी ओवलीय."

"तुम्ही कशाला ओवताय आता! तुमच्याकडं वानरं हायेत की." काकू कौतुकाने हसल्या.

सायाळबाईंनी माळ परत उचलली. मग म्हणाल्या, "बरं, नकली तर नकली. पण बांधून तर बघू. पाठ करून बसा. मुलगा येतो का हो हल्ली?"

काकूंनी पाठ केली नाही. त्या दोन पावलं मागे सरल्या, मग आणखी दोन.

"नको बाई. चार हात लांब राहावं अशी पाटी हाय न्हवं दुकानात? तुमचीच पाटी. इतकी वर्षं आम्ही अडाणी, खुशाल तुम्हाला खेटून बसत हुतो. काय झालं न्हाई हे नशीब म्हणायचं."

सायाळबाईंना रडू आलं. पण काकूंना ते दिसलं नाही, त्या तोवर बऱ्याच लांब गेल्या होत्या आणि तिथून वाकून नमस्कार करत होत्या.

त्याच महिन्यात जंगलाने सायाळबाईंना 'हस्तकला भूषण' हा किताब दिला. मोठा मांडव घातला होता. अध्यक्षस्थानी रानगवा होता. त्याने भाषणात सांगितलं, की सायाळबाईंनी जंगलातल्या घराघरात पोचून दाखवलं, आणि आज असा एक गळा नाही ज्याला त्यांचा स्पर्श झाला नाही. टाळ्यांनी मांडव दणाणला.

मग सत्कार झाला. 'सायाळ्स हॅन्डमेड'ची खास माळ आणली होती, वानरांनी खास चुकवलेली. रानगव्याने ती एका लांब बांबूच्या टोकाला अडकवली आणि व्यासपीठाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला उभ्या असलेल्या सायाळबाईंच्या गळ्यात सोडली. माळ मोठ्या मापाची होती. ती घसरली आणि अर्धी काट्यांत अडकून अर्धी जमिनीवर लोळू लागली.

सायाळबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

त्या उभ्या राहिल्या. समोर सगळं जंगल बसलं होतं, सगळ्यांच्या गळ्यात त्यांच्या माळा होत्या आणि पहिली रांग चार हात सोडून सुरू होत होती.

"माळ सैल झालीय," सायाळबाई म्हणाल्या. "कुणी जरा जवळ येऊन मागून गाठ आवळून देईल का?"

रानगव्याने भारद्वाजाकडे बघितलं.

"मॅडम मूळच्याच विनोदी आहेत," भारद्वाज भारदस्त आवाजात म्हणाला.

मग सगळे पोट धरधरून हसले. टाळ्या तर कितीतरी वेळ थांबल्याच नाहीत.

तात्पर्य : ज्याच्याजवळ कुणी बसत नाही त्याने आपल्या छंदाचा व्यवसाय जरूर करावा. यशस्वी माणसाच्या जवळ तसंही कुणी जात नाही, त्यामुळे मग उगाच काट्यांना दोष द्यावा लागत नाही.