दोन खिडक्या, एकच मॅडम

सॉफ्टवेअरच्या कराचा नवा कायदा मी एका बैठकीत वाचून काढला आणि धाकट्या बहिणीला म्हणालो, "सल्लागार कशाला हवा? मी आहे ना!"

आमचा धंदा दोघांचाच. दुकानदारांना बिलं करायला लागतं ते सॉफ्टवेअर ती बनवायची, मी विकायचो. म्हणजे डोकं तिचं, तोंड माझं! कायद्याने सॉफ्टवेअरच्या विक्रीवर कर बसवला होता आणि ते बनवणाऱ्या धंद्यांना प्राप्तिकरात सूट दिली होती. पण या सवलतीचा एकूण आकडा ठरलेला. तो संपला की दार बंद. सूट मिळाली तर बहीण इथेच राहणार होती, नाहीतर परगावची नोकरी धरणार होती. मला तर ती जाण्याची कल्पनाही सहन होत नव्हती.

"दादा, अर्ज नीट भर हं."

"डोळे मिटून भरतो!" म्हटलं आणि भरलेही तसेच.

कराच्या खिडकीवर लिहून दिलं, आम्ही सॉफ्टवेअर विकतच नाही. शेजारच्या सवलतीच्या खिडकीवर लिहून दिलं, आम्ही सॉफ्टवेअरच बनवतो. इकडे कर टळला, तिकडे सूट पक्की! घरी येऊन मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

थोड्याच दिवसांत दोघांनाही बोलावणं आलं. बघतो तर काय, दोन्ही खिडक्यांमागे खोली एकच आणि मॅडमही एकच! त्यांच्यासमोर माझे दोन्ही अर्ज.

"सॉफ्टवेअर बनवता?"

"म्हणजे काय! रात्रंदिवस!"

"आणि विकत नाही? मग करता काय त्याचं?"

"वाटतो! फुकट! समाजसेवा!"

बहिणीने कपाळावर हात मारून घेतला.

"मग हा धंदा नव्हे. सूट धंद्याला असते."

"नाही हो, विकतो! चिक्कार विकतो! कर भरतो, पण सूट द्या!"

"तुमच्या या घोळामुळे अर्ज बाजूला पडला. सूट काल संपली," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना माझी दया आली असावी. "अहो, एवढ्याशा धंद्याला हा विक्रीचा कर लागूच नाही. कायद्याच्या दुसऱ्याच पानावर दिलंय."

परतताना बहिणीने वाटेतच परगावच्या बसचं तिकीट काढलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी तिला बसवर सोडायला गेलो. 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं, "तिकडे कशावर सही करायची असली, तर आधी मला दाखव हं!"

"नको रे दादा," ती घाईघाईने म्हणाली आणि खिडकीची काच ओढून घेतली.