नळवाले साहेब भिंतीवरून गायब

"माझी नजर म्हणजे करवत, मेंदू म्हणजे तिजोरी, आणि मौन..." असं म्हणून भिंगकाका स्वतःच्या मौनाविषयी अर्धा तास बोलत. शहरातला एकमेव खाजगी गुप्तहेर ही पदवी त्यांची त्यांनीच स्वतःला बहाल केली होती. काकूंना मात्र एवढंच ठाऊक होतं, की या करवतीला रोज सकाळी दुसरा मोजा सापडत नाही.

शहरातल्या नामवंत इमारती वर्षातून एक दिवस सर्वांसाठी खुल्या असत. यंदा प्रथमच त्यांत जुन्या पाणीखात्याची वास्तू होती. काकूंचा धाकटा भाऊ तिथला रखवालदार. त्या सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, साहेब गेले!"

"अरे देवा! आजारी होते का?"

"ताई, त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली. त्यांचं चित्र गेलं!"

शहरात पहिला नळ आणणाऱ्या झुपकेदार मिशीच्या साहेबांचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र सभागृहात होतं. अधीक्षकबाईंनी भावाला सुनावलं होतं, "संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत चित्र दिसलं नाही, तर उद्यापासून तुम्हीही दिसू नका." त्याचं घर त्या एका पगारावर चालत होतं. काकूंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. काकांनी भिंग उचललं आणि पिशवी काकूंच्या हाती दिली.

सभागृहाचं जाडजूड दार आज पाहुण्यांसाठी सताड उघडून भिंतीला टेकवलं होतं. एरवी ते कायम बंद. नोकरमंडळी बाजूच्या चिंचोळ्या दारानं जात-येत.

"भाऊजी, साहेब या भिंतीवर इथंच कुठंतरी..." भाऊ रडवेला झाला होता.

"बोट दाखवू नका, मेहुणे! तपासाची दिशा बिघडते. चोर दारानं आला, हे उघड आहे. दारही उघडंच आहे!" असं म्हणून काकांनी काकूंच्या पिशवीतली पावडर काढून दारावर सढळ हातानं फवारली. "ठसे घेईपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही!"

मग सिद्धांतांचा पाऊस पडला. आधी म्हणे चित्र छत्रीत गुंडाळून नेलं होतं. तीन छत्र्या उघडल्या, त्यांतली एक मिटेचना. मग रांगेत साहेबांसारखाच एक झुपकेदार मिशीवाला दिसला, आणि काका काकूंच्या कानात कुजबुजले, "चित्र चोरीला गेलं नाही. पळून गेलंय."

"अहो, माणूस आहे तो!"

"तसंच वाटावं म्हणून तर!" काकांनी मिशी ओढली. मिशी खरी होती. मिशीवाल्याचा रागही खरा होता.

पाहुणे मात्र खूश. एका आजोबांनी काकांकडे पाहून विचारलं, "हे मूळचेच का हो इथले? छान जपलंय."

संध्याकाळ झाली. काका बाहेरच्या व्हरांड्यात पावलं मापत रांगत होते. पाहुणे पांगले. अधीक्षकबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. भाऊ किल्ल्यांचा जुडगा पुढे करून म्हणाला, "नोकरी गेली म्हणून दार उघडं टाकून कसं जाऊ, ताई? तेवढं लावून घेऊ."

"चल, मी हात लावते." काकूंनी पिशवी खाली ठेवली, दार दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. दार करकरत भिंतीपासून सुटलं.

दारामागे साहेब होते. मिशीवर कोळिष्टक, चेहऱ्यावर दिवसभर तोंडावर दार धरल्याचा वैताग.

भावानं पुढे केलेला जुडगा पुन्हा कमरेला लावला. अधीक्षकबाईंनी घडी सोडली. "म्हणजे... आपणच..." त्या खाकरल्या. "उद्या वेळेवर या हं."

एवढ्यात दारापलीकडच्या व्हरांड्यातून आरोळी आली, "ठसे! दारावर ताजे ठसे! एका बोटात अंगठी!"

"भाऊजी, दार ढकलू नका!" भाऊ ओरडला.

काकांनी दार धाडकन ढकललं. दार पुन्हा भिंतीला टेकलं. साहेब पुन्हा गायब.

"चोर सापडला!" काकांनी काकूंच्या पांढऱ्या हातांकडे भिंग रोखलं, मग भिंतीकडे पाहून उसासा टाकला. "चित्राचा मात्र अजून पत्ता नाही."

काकूंनी हात रुमालाला पुसले आणि पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली.

"चला. अटक घरी करा. आणि येताना दार ओढून घ्या."