बांधावरची निळी रेघ

भोकरदनच्या एका कॉलेजात क्लार्क असलेल्या कल्याणने ठरवलं, की पळणाऱ्यांसाठी वेबसाइट काढायची. आपण कुठून पळतो ते नकाशावर रेघ मारून दाखवायचं आणि लोकांना पाठवायचं, एवढंच. चार महिने तो कॉम्प्युटरला चिकटून बसला. (त्या नादात पळणं जरा मागे पडलं. पण आचाऱ्याने स्वतः जेवलंच पाहिजे असं कुठे आहे?)

साइटवर पहिला रस्ता अर्थातच त्याचा स्वतःचा: घरापासून निघून सासरे कचरू यांच्या शेतातल्या बांधावरून थेट ओढ्यापर्यंत. निळी, झोकदार रेघ. महिनाभर दुसरं कुणी साइटवर फिरकलं नाही. ओकंबोकं दिसायला लागलं, म्हणून कल्याणने नातेवाइकांच्या नावांनी सतरा खाती उघडली आणि सगळ्यांना त्याच बांधावरून पळवलं. त्यात गुडघे गेलेले सासरेही होते. नकाशावर ते जावयापेक्षा जोरात पळत.

इथेच घोटाळा झाला. शेजारच्या शेतातला मच्छिंद्र बारा वर्षं कचरूंच्या शेतातून रस्ता मागत होता आणि कचरू देत नव्हते. त्याने त्या नकाशाची रंगीत प्रिंट काढली आणि तहसीलला अर्ज ठोकला: या वाटेने अठरा जणांची रोजची वहिवाट आहे, खुद्द मालकही पळतो, तरी रस्ता खुला करावा.

सासरे घरात शिरले ते चप्पल न काढताच.

"जावईबापू, माझ्या रानातून तुम्ही रस्ता काढून दिला व्हय? कपाशीच्या सहा ओळी जातेत माझ्या."

"मामा, नुसती रेघ हाय ती."

"मच्छिंद्रला बारा वर्सं जमलं न्हाई, ते तुम्ही खुर्चीत बसून केलं."

"अहो, पुसून टाका ना ती," कल्याणची बायको अर्पिता म्हणाली.

"बिलकुल न्हाई. चार महिने घातले मी."

पाहणीला तलाठी मदीहा मॅडम आल्या आणि सगळे बांधावर जमले. कल्याणने मान ताठ ठेवून कबूल केलं, की अठरांपैकी सतरा जण खोटे.

"म्हंजे एक जण तरी पळून राह्यला," मच्छिंद्र म्हणाला. "लिहा मॅडम."

"तुम्ही इथून रोज पळता का?" मॅडमनी कल्याणला विचारलं.

अर्पिताने डोळे वटारले. नाही म्हटलं की तिच्या वडिलांची कपाशी वाचत होती. एका शब्दाचं काम. पण कल्याणचं डोकं फिरलं. सतरा खोटे कबूल केले, आता अठरावाही खोटा म्हणायचा?

"पळतो. रोज पळतो. अख्ख्या तालुक्यात माझ्याएवढं कुणी पळत न्हाई."

"अहो..."

"तू मधी बोलू नको. जे हाय ते हाय."

कचरूंनी टोपी काढली आणि ते मटकन खाली बसले. मच्छिंद्रने मात्र कल्याणच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"दाखवा मंग पळून, पाव्हणं. मॅडमला बराबर पटंल."

कल्याणने पँट दुमडली आणि तो निघाला. पहिली वीस पावलं झकास पडली. मग ढेकळं लागली, मग पोटात कळ आली. निम्म्या बांधावर लिंबाचं झाड होतं. त्याला मिठी मारून तो थांबला, तो थांबलाच.

"मी थांबलेलो न्हाई," तिथूनच त्याने ओरडून सांगितलं. "वारं उलटं हाय आज."

मॅडमनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग पंचनामा लिहून वाचून दाखवला: "प्रत्यक्ष पाहणीत सदर इसम धावत असल्याचे आढळून आले नाही. सबब रोजची वहिवाट दिसून येत नाही."

कल्याणने लिंब न सोडता जाहीर केलं, की हे साफ खोटं आहे आणि आपण मेलो तरी सही करणार नाही. त्याला कुणी सही मागितलीच नव्हती. कचरूंनी केली. अर्पिताने त्यांच्या हातून पेन ओढून घेऊन केली. शेवटी कागद मच्छिंद्रपुढे आला. त्याने एकदा लिंबाकडे नीट पाहिलं.

"रस्ता गेला तर गेला," तो म्हणाला, "पण डोळ्यांनी पाह्यलेलं न्हाई कसं म्हणू?" आणि त्यानेही सही केली.